फुलाफुलांचा आरोप

लॉरा ॲशले ही विलायतेतली दुकानांची साखळी होती. फुलाफुलांच्या छापाचं सुती कापड, त्याच कापडाचे पडदे आणि त्या पडद्यांना शोभतील असे घोळदार झगे, असा तिचा माल. खाऊनपिऊन सुखी इंग्रज घराची ती ठरलेली खूण. दिग्दर्शक ॲलन पार्कर यांनी मर्चंट-आयव्हरींच्या चित्रपटांना ‘लॉरा ॲशले घराण्याचा सिनेमा’ म्हणून हिणवलं आणि तो शेरा असा काही चिकटला की ज्यांनी ‘हॉवर्ड्स एन्ड’ची एक चौकटही पाहिली नाही त्यांनाही त्याबद्दल आयतं मत मिळालं. हिरवळ, छत्र्या, चहाची किटली आणि कथानकाच्या नावाखाली कुणीतरी कुणाला तरी पत्र धाडतंय, एवढंच काय ते!

शेरा चटपटीत आहे, पण चूक आहे. गंमत अशी की ज्यांच्या खात्यावर तो मांडला गेला, त्या निर्माते इस्माईल मर्चंट यांचे वडील खरोखरच कापडाचे व्यापारी होते. मात्र मुंबईत. तिथेच २५ डिसेंबर १९३६ ला मर्चंट यांचा जन्म झाला, सेंट झेवियर्समध्ये ते शिकले, १९५८ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेऊन सिनेमाच्या धंद्यात शिरले. इंग्लंडच्या हिरवळीशी त्यांचं वंशपरंपरेचं काही नातं नव्हतं. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी कॅलिफोर्नियात जन्मलेले. पटकथाकार रूथ प्रवर झाबवाला कलोनच्या, नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेल्या ज्यू कुटुंबातल्या. पारशी वास्तुविशारदाशी लग्न करून १९५१ मध्ये दिल्लीत स्थायिक झालेल्या. ज्या चित्रपटांना ‘इंग्रजांचा आत्मगौरव’ म्हटलं जातं, ते करणाऱ्या या त्रिकुटात इंग्रज औषधालाही नव्हता.

पार्कर यांचा टोमणा दिग्दर्शकाचा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी त्याला शास्त्राचा पोशाख चढवला. अँड्र्यू हिग्सन यांनी मांडणी केली ती थोडक्यात अशी: कादंबरीत वर्गव्यवस्थेवर उपरोध असतो, पण पडद्यावर कॅमेरा वाड्यांच्या, बागांच्या, चांदीच्या भांड्यांच्या प्रेमात पडतो आणि त्या लखलखाटात उपरोध विरून जातो. प्रेक्षक टीका ऐकायला येतो आणि फर्निचर बघून घरी जातो. थॅचर यांच्या इंग्लंडला असाच गोडगोड भूतकाळ हवा होता, हेही त्याला जोडलेलं. हा आक्षेप टोमण्यापेक्षा वजनदार आहे, म्हणून उत्तर त्याला द्यायला हवं.

‘हॉवर्ड्स एन्ड’ (१९९२) पासूनच सुरुवात करू. फॉर्स्टरच्या या कादंबरीचा सगळा तंटाच एका घरावरून आहे. मरणाच्या दारातली मिसेस विल्कॉक्स आपलं लाडकं घर मार्गारेटला देऊन टाकते, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून. तिचा नवरा आणि मुलं ती चिठ्ठी शेकोटीत टाकतात. इंग्लंड कुणाच्या नावावर चढणार, हा कादंबरीचा प्रश्न या एका जळत्या कागदात आहे. आता ते घर पडद्यावर कुरूप दाखवलं असतं तर? चिठ्ठी जाळण्यात पाप काय उरलं असतं? घराचा मोह प्रेक्षकाला पडावाच लागतो, तरच विल्कॉक्स मंडळींचं अप्पलपोटेपण अंगावर येतं.

आणि त्या सुंदर घरात अखेर घडतं काय? लिओनार्ड बास्ट नावाचा गरीब कारकून, ज्याला पुस्तकं वाचून वरच्या थरात जायचं होतं, तो तिथे येतो. विल्कॉक्सचा थोरला मुलगा तलवारीच्या पात्याने त्याला बडवतो, आधारासाठी बास्ट पुस्तकांचं कपाट धरतो, कपाट अंगावर कोसळतं आणि तो पुस्तकांखाली मरतो. चित्रपटात हे सगळं आहे, डोळ्यांसमोर आहे. संस्कृतीच्या ओझ्याखाली शब्दशः मेलेला कारकून ज्यांना दिसला नाही आणि भिंतीवरचा कागद मात्र दिसला, त्यांच्या नजरेचा दोष निर्मात्याच्या खात्यावर कसा टाकायचा?

‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९९३) तर याहून उघड आहे. इशिगुरो यांची कादंबरी १९८९ ची, बुकर मिळवलेली. डार्लिंग्टन हॉलचा मुख्य सेवक स्टीव्हन्स आयुष्यभर चांदी घासतो. त्याच चकाकत्या मेजाभोवती बसून त्याचा धनी हिटलरशी समझोत्याच्या बाता करतो. दोन ज्यू मोलकरणींना केवळ ज्यू म्हणून काढून टाकण्याचा हुकूम निघतो आणि स्टीव्हन्स तो बजावतो. वरच्या मजल्यावर त्याचा बाप मरतो आणि खाली हा पाहुण्यांची सरबराई करत राहतो. त्या घरातली प्रत्येक सुंदर वस्तू कुणाच्या तरी हातांनी, कुणाची तरी माणुसकी खर्ची घालून चकचकीत ठेवलेली आहे, हेच तर सांगायचंय. भांड्यांची चकाकी म्हणजे इथे पुरावा.

जे ‘निष्ठावंत चित्रमय आवृत्ती’ म्हणून नाक मुरडतात त्यांनी या कादंबरीचं काय झालं तेही पाहावं. आधीची पटकथा हॅरॉल्ड पिंटर यांची होती, दिग्दर्शन माइक निकल्स करणार होते. काम मर्चंट-आयव्हरींकडे आल्यावर झाबवालांनी ती नव्याने लिहिली आणि पिंटर यांनी आपलं नाव श्रेयनामावलीत येऊ दिलं नाही. कादंबरीत समझोत्याला विरोध करणारा अमेरिकन लुईस आणि पुढे घर विकत घेणारा अमेरिकन फॅरडे ही दोन वेगळी माणसं आहेत. चित्रपटाने त्यांचा एकच माणूस केला. त्यामुळे १९३५ च्या सुमारास ज्याला या घरात अडाणी ठरवलं गेलं, तोच युद्धानंतर घराचा मालक होऊन येतो. इशिगुरोंच्या पानावर हे नाही. कादंबरीत समुद्रकिनाऱ्याच्या धक्क्यावर एका अनोळखी माणसासमोर स्टीव्हन्सचा बांध फुटतो. चित्रपटाने तो फुटू दिला नाही. त्याऐवजी घरात शिरलेलं एक कबुतर बाहेर जातं आणि खिडकी बंद होते, आत स्टीव्हन्स. हा निर्णय कुणाला पटो न पटो, पण याला नक्कल म्हणता येत नाही.

आता त्या वाड्यांच्या खर्चाकडे वळू, कारण टीकाकारांचा सगळ्यांत मोठा घोटाळा इथे आहे. श्रीमंती दिसते म्हणून चित्रपट श्रीमंत, असं त्यांनी धरून ठेवलं. वास्तविक स्टुडिओत नेपथ्य उभारणं परवडत नव्हतं म्हणून मर्चंट खऱ्या घरांचे दरवाजे ठोठावत. डार्लिंग्टन हॉल नावाचं घर कुठेच नाही. डिरम पार्कचं दर्शनी अंग, पाउडरम कॅसलचा जिना, कॉर्शम कोर्ट आणि बॅडमिंटन हाउसमधली दालनं, असे चार घरांचे तुकडे शिवून ते बनवलेलं आहे. गोधडीच म्हणायची! ‘अ रूम विथ अ व्ह्यू’चा खर्च सुमारे तीस लाख डॉलर. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटाच्या तेव्हाच्या हिशेबात ही चिल्लर होती. त्याने एकट्या अमेरिकेत दोन कोटींवर कमाई केली, आठ ऑस्कर नामांकनं आणि तीन ऑस्कर मिळवली. ज्याला टीकाकार उधळेपणा म्हणतात तो खरं तर काटकसरीचा नमुना होता.

ही काटकसर पहिल्या चित्रपटापासूनची. मर्चंट आणि आयव्हरी न्यूयॉर्कला भेटले आणि १९६१ मध्ये त्यांनी कंपनी काढली. पहिली कादंबरी निवडली झाबवालांची ‘द हाउसहोल्डर’, दिल्लीतल्या एका नवविवाहित मास्तराची गोष्ट. मर्चंट यांचा फोन आला तेव्हा झाबवालांनी आपण त्या नाहीच, त्यांच्या सासूबाई आहोत असं भासवून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. तो फसला. आपण कधी पटकथा लिहिलेली नाही, असं त्यांनी सांगितल्यावर मर्चंट यांचं उत्तर होतं की त्यांनीही कधी पूर्ण लांबीचा चित्रपट काढलेला नाही आणि आयव्हरींनीही दिग्दर्शित केलेला नाही. शशी कपूर आणि लीला नायडू प्रमुख भूमिकांत, कॅमेऱ्यामागे सुब्रत मित्र, संकलनात सत्यजित राय यांचा हात. उरला प्रश्न पैशाचा. त्या काळी अमेरिकन चित्रपट कंपन्यांना भारतातली सगळी कमाई डॉलर करून मायदेशी नेता येत नसे. रुपये इथेच अडकून पडत. मर्चंट यांनी कोलंबियाला हे अडकलेले रुपये खर्चायची वाट दाखवली: या रुपयांत चित्रपट विकत घ्या आणि जगभर दाखवा. १९६३ मध्ये तो प्रदर्शित झाला. परकीय चलनाच्या नियमांतली फट हेरून त्यातून कादंबरी बाहेर काढणारा हा माणूस. त्याला पडद्यांचा दुकानदार म्हणणं म्हणजे गवंड्याला रांगोळीवाला म्हणण्यासारखं आहे.

दुसरा आरोप सुरक्षित निवडीचा. नावाजलेली जुनी पुस्तकं घ्यायची, लेखक मेलेला असला की भांडणही नाही, असा. यादीच पाहावी. जीन ऱ्हीस यांची ‘क्वार्टेट’, नायपॉल यांची पहिली कादंबरी ‘द मिस्टिक मॅसर’, अनिता देसाई, इशिगुरो, स्वतः झाबवाला. ऱ्हीस वगळता हे सगळे चित्रपट निघताना हयात होते. हेन्री जेम्सची ‘द युरोपियन्स’ १९७९ मध्ये पडद्यावर आणणं ही कुणाच्या दृष्टीने सुरक्षित गुंतवणूक होती? जेम्सची लांबलचक वाक्यं पडद्यावर चालत नाहीत, असं त्या वेळी कुठल्याही वितरकाने सांगितलं असतं.

सगळ्यांत बोलकी आहे ती ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ नंतरची चाल. फ्लॉरेन्सचं ऊन, शेतातलं चुंबन आणि गावचे धर्मोपदेशक तळ्याकाठी नागवे धावताहेत असा प्रसंग (फुलाफुलांच्या पडद्यांत हा छाप नाही!), या सगळ्यावर प्रेक्षक खूश होते. धंदेवाईक निर्मात्याने त्याच वाफेवर आणखी दोन तसेच गोड चित्रपट शिजवले असते. मर्चंट यांनी काढला ‘मॉरिस’. फॉर्स्टरने ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि दडवून ठेवली, कारण तीत दोन पुरुषांचं प्रेम आहे आणि तरी शेवट सुखाचा आहे. इंग्लंडमध्ये असं प्रेम १९६७ पर्यंत गुन्हा होता. फॉर्स्टर १९७० मध्ये गेला, पुस्तक १९७१ मध्ये आलं. त्याचे हक्क केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजकडे होते आणि कॉलेज ते द्यायला उत्सुक नव्हतं. झाबवालांनाही ही फॉर्स्टरची दुय्यम कृती वाटे, म्हणून आयव्हरींनी किट हेस्केथ-हार्वी यांच्यासोबत पटकथा लिहिली. साल १९८७. एड्सच्या भयाने वर्तमानपत्रं पेटलेली होती. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने समलिंगी संबंधांचा ‘पुरस्कार’ करायला स्थानिक संस्थांना मनाई करणारं कुप्रसिद्ध कलम २८ मंजूर केलं. अशा हवेत सुखान्त ‘मॉरिस’ काढणाऱ्याला थॅचरकालीन गोडव्याचा पुरवठादार म्हणायचं, तर शब्दांना काही अर्थच उरत नाही. मर्चंट आणि आयव्हरी आयुष्यभराचे जोडीदार होते. मर्चंट याबद्दल जाहीरपणे कधी बोलले नाहीत, आयव्हरी त्यांच्या मृत्यूनंतर बोलले. ‘मॉरिस’ला व्हेनिसमध्ये रौप्य सिंह मिळाला, जेम्स विल्बी आणि ह्यू ग्रँट यांना अभिनयाचा पुरस्कार विभागून.

तिसरा आरोप आपल्याकडचा आहे आणि तो जास्त बोचरा. मुंबईचा मुलगा जाऊन साहेबाच्या आठवणी उगाळत बसला, असा. ऐंशीच्या दशकात विलायतेत टीव्ही मालिका आणि चित्रपटांतून ब्रिटिश राजवटीच्या गोड आठवणींचा पूर आला होता हे खरं. सलमान रश्दी यांनी १९८४ मध्ये त्यावर कडक लिहिलं आणि ‘द ज्युवेल इन द क्राउन’ ही मालिका व ‘अ पॅसेज टू इंडिया’ हा चित्रपट झोडपला. पण दोन्हींशी मर्चंट यांचा काडीचा संबंध नव्हता. ‘पॅसेज’ डेव्हिड लीन यांचा. आजही गप्पांत तो बिनदिक्कत मर्चंट-आयव्हरींच्या नावावर खपवला जातो.

मर्चंट यांचं त्या विषयावरचं काम वेगळंच बोलतं. ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ प्रिन्सेस’ (१९७५) या तासाभराच्या छोट्या चित्रपटात लंडनमध्ये राहणारी एक संस्थानी राजकन्या आणि तिच्या वडिलांचा जुना इंग्रज सचिव दरबारी काळाची चित्रफीत बघत बसतात. ती गहिवरते, त्याच्या मनात त्या वैभवाची घाण उसळून येते. गतकाळाच्या उमाळ्याची ही थेट चिरफाड आहे, रश्दींच्या लेखाच्या नऊ वर्षं आधीची. लंडन वीकेंड टेलिव्हिजनसाठी केलेल्या ‘हलबलू ओव्हर जॉर्जी अँड बॉनीज पिक्चर्स’ मध्ये संस्थानिकाची लघुचित्रं लुबाडायला टपलेले परदेशी संग्राहक आहेत. चॅनल फोरसाठी मर्चंट यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘द कोर्टेझन्स ऑफ बॉम्बे’ (१९८३) मुंबईच्या पवनपूल वस्तीतल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसतो; तिथे भाडं वसूल करणारा माणूसही आहे आणि नेमाने येणारं गिऱ्हाईकही. कीटिंग या इंग्रज लेखकाने मुंबई न पाहताच मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे रंगवला होता. मर्चंट यांनी ‘द परफेक्ट मर्डर’ (१९८८) खऱ्या मुंबईत आणून घोटेच्या वर्दीत नसीरुद्दीन शाह यांना उभं केलं.

पण या आरोपाला सगळ्यांत पुरतं उत्तर ‘मुहाफिज’ मध्ये आहे. ‘हॉवर्ड्स एन्ड’ने तीन ऑस्कर मिळवल्यावर मर्चंट यांना दिग्दर्शक म्हणून पहिला कथापट काढायचा होता. इंग्रजीत काढला असता तर पैसे द्यायला रांग लागली असती. त्यांनी अनिता देसाई यांची ‘इन कस्टडी’ घेतली आणि चित्रपट काढला उर्दूत, भोपाळमध्ये. नूर हा थकलेला, फुगलेला, घरातल्या कज्ज्यांनी आणि फुकट्या भक्तांनी वेढलेला शायर. त्याची मुलाखत ध्वनिमुद्रित करायला आलेला देवेन हा पोटासाठी हिंदी शिकवणारा गरीब प्राध्यापक. शशी कपूर आणि ओम पुरी. जोडीला शबाना आझमी.

रूपांतराच्या वादात सहसा एकच प्रश्न विचारला जातो: पुस्तकातलं काय गेलं? इथे उलट झालं. देसाईंची कादंबरी इंग्रजीत आहे. मरू घातलेल्या उर्दूविषयीची ही गोष्ट वाचकाला एकही उर्दू शेर कानावर न पडता वाचावी लागते. चित्रपटात नूरच्या तोंडी फैज अहमद फैज यांची शायरी आली. जी भाषा वाचवायला देवेन धडपडतो, ती प्रेक्षकाला प्रत्यक्ष ऐकू येते, म्हणून काय बुडतंय तेही कळतं. पटकथेत खुद्द देसाईंचा सहभाग होता. कादंबरीला जे स्वतःच्या भाषेमुळे शक्य नव्हतं ते पडद्याने तिला मिळवून दिलं. शशी कपूर यांना यासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. पडदे विकणारा माणूस असला तोट्याचा सौदा करत नाही.

मर्चंट यांचं सगळंच चांगलं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. ‘जेफरसन इन पॅरिस’ आणि ‘सर्व्हायव्हिंग पिकासो’ हे मोठ्या स्टुडिओंच्या पैशावर निघालेले चित्रपट सुस्त आहेत. काटकसर संपली तशी धारही गेली. ‘द गोल्डन बोल’ मध्ये जेम्सच्या उत्तरकाळातली मनाची गुंतागुंत दालनांत हरवते. पार्कर यांचा टोमणा इथे खुशाल लावावा. मोबदला थकवण्याबद्दल मर्चंट यांची ख्याती होती. चित्रीकरणाचे पैसे संपत आले की ते स्वतः भल्यामोठ्या पातेल्यात रस्सा शिजवून सगळ्या चमूला जेवू घालत. त्या रश्श्याच्या आठवणी लोक प्रेमाने सांगतात. पण पोटभर जेवण म्हणजे पगार नव्हे, आणि ज्यांचे पैसे थकले त्यांचा राग रास्तच म्हणायला हवा.

तरीही एक गोष्ट या उधारीच्या कारभारातूनच निघाली आणि टीकाकारांना तिची किंमत कधी कळली नाही. ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९८१) या मालिकेला एका कादंबरीसाठी अकरा भाग मिळाले होते. मर्चंट यांच्या हातात दोन-सव्वादोन तास. एवढ्यात कादंबरी मावायची तर काय टाकायचं हे कळणारा माणूस लागतो. तो त्यांनी पहिल्याच चित्रपटात शोधला आणि चाळीस वर्षं सोडला नाही. झाबवाला स्वतः बुकरविजेत्या कादंबरीकार. पटकथेची दोन ऑस्कर त्यांना मिळाली ती फॉर्स्टरच्या दोन रूपांतरांसाठी. स्टुडिओची पद्धत अशी की एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं, तिसऱ्याने ठिगळ लावायचं. मर्चंट यांच्याकडे कादंबरी वाचायची त्यांनी, आयव्हरींनी आणि झाबवालांनी, आणि मग पैसे आणायला बाहेर पडायचे मर्चंट: लंडन, न्यूयॉर्क, कधी थेट जपान. लेखिकेच्या खोलीत बाहेरचा कुणी शिरू नये म्हणून निर्माता दारात उभा राहायचा. हे काम पडद्यावर दिसत नाही. दिसते ती खुर्ची.

२५ मे २००५ ला मर्चंट लंडनमध्ये गेले. दफन मुंबईत मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात झालं. झाबवाला २०१३ मध्ये गेल्या. २०१८ च्या मार्चमध्ये एकोणनव्वद वर्षांच्या आयव्हरींना रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं, आंद्रे ॲसिमन यांच्या कादंबरीवरच्या ‘कॉल मी बाय युअर नेम’साठी. व्यासपीठावरून त्यांनी मर्चंट आणि झाबवाला या दोघांची नावं घेतली. लुका ग्वादान्यिनो यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात इटलीतलं एक देखणं जुनं घर आहे, फळबाग आहे, पियानो आहे, पुस्तकांनी भरलेल्या भिंती आहेत, लांबलेली जेवणं आहेत आणि दोन पुरुषांचं प्रेम आहे. समीक्षकांनी त्या उन्हाचं, त्या घराचं तोंडभरून कौतुक केलं. पडद्यांचं कापड कुठल्या दुकानातलं, हे या वेळी कुणी विचारलं नाही.